स्क्रीन म्हणते ‘जॉब पाठवला’, एसडीएसएफमध्ये जॉबच नाही: परवानगी नेमकी कुणाची तपासली जाते?

महिनाअखेरीची रात्र. वापरकर्त्याने पगाराच्या ताळमेळाचा जॉब स्क्रीनवरून सोडला. तळाच्या ओळीत ‘जॉब पेआर०१ पाठवला’ असं उमटलं. वीस मिनिटांनी ऑपरेशन्समधून फोन आला: “मॅडम, क्यूमध्ये काहीच आलेलं नाही. पुन्हा सोडायला सांगू का?” पुन्हा सोडला, या वेळी गेला. तिकीट बंद झालं. पुढच्या महिन्यात दुसरा वापरकर्ता, पण तक्रार तीच. सिक्युरिटीतल्या मित्राने त्याला परवानगी दिली, जॉब गेला, तिकीट बंद. तिसऱ्या महिन्यात, ज्याला परवानगी देऊन झाली होती त्याचाच जॉब पुन्हा अडकला.

पुण्यात बसून परदेशातल्या मेनफ्रेमचा सपोर्ट करणाऱ्या आमच्या टीममध्ये हे तिकीट पाच महिने फिरत होतं. ज्यांच्याकडे सीआयसीएसच्या (स्क्रीनवरचे व्यवहार चालवणारी प्रणाली) स्क्रीनवरून, डीबी२ (डेटाबेस) वापरणाऱ्या कोबॉल प्रोग्रामातून बॅच जॉब (पार्श्वभूमीत चालणारी कामं) सोडले जातात, त्यांना हे कधी ना कधी भेटणारच. म्हणून सगळं सविस्तर लिहिते. कमांड, क्लास आणि संदेशांची नावं आपण ऑफिसात तोंडाने म्हणतो तशीच लिहिली आहेत. स्क्रीनवर ती इंग्रजी लिपीत दिसतील.

जॉब खरंच नाही, की दिसत नाही?

एसडीएसएफमध्ये, म्हणजे जॉबची यादी आणि लॉग दाखवणाऱ्या साधनात, ओनर आणि प्रीफिक्स हे फिल्टर लावलेले असतात आणि बहुतेकांच्या प्रोफाइलमध्ये ओनरला स्वतःचाच आयडी असतो. स्क्रीनवरून सुटलेला जॉब मात्र बॅच आयडीच्या नावाने जातो. आमच्याकडे तो आयडी पेबॅट. म्हणजे जॉब समोर असूनही तुम्हाला दिसणार नाही. ओनरला तारा (म्हणजे कुणीही), प्रीफिक्सला पे-तारा द्या आणि मग स्टेटस पॅनल बघा.

इथे दोन वाटा फुटतात. जॉब आहे पण सुरू होतानाच पडलाय, तर जेस२ने (जॉब घेऊन रांगेत लावणारा भाग) किंवा रॅकएफने (परवानग्या तपासणारी सुरक्षा प्रणाली) तो अडवलाय आणि कारण लॉगमध्ये लिहिलेलं आहे. जॉबचा मागमूसच नसेल, तर तो इंटर्नल रीडरपर्यंत (जेस२मध्ये जॉब शिरण्याचं दार) पोचलाच नाही. मग दोष जेस२च्या अलीकडे, सीआयसीएसच्या आतच आहे. आमच्याकडे दुसरी वाट होती आणि आम्ही पाच महिने पहिल्या वाटेवर शोधत होतो.

एक तिसरी शक्यता परवानगीची नाही, पण तशी भासते. एक्स्ट्रापार्टिशन क्यूतून (सीआयसीएसबाहेर लिहिणारी रांग) इंटर्नल रीडरला जेसीएल (जॉबच्या सूचनांच्या ओळी) लिहिताना शेवटी स्लॅश-तारा-ईओएफ ही ओळ टाकायची राहिली, तर जॉब बफरमध्येच बसून राहतो. पुढचा कुणी जॉब सोडला की त्याच्या जॉब कार्डाने (जेसीएलची पहिली ओळ) आधीचा पुढे ढकलला जातो. ‘दुसऱ्याने सोडल्यावर माझा गेला’ अशी तक्रार ऐकली की आधी ही ओळ पहिल्या कॉलमपासून आहे का ते तपासा, सिक्युरिटीला फोन नंतर करा.

स्क्रीनवरच्या संदेशावर भरवसा का ठेवायचा नाही

प्रोग्राम क्यूत एकेक ओळ लिहितो आणि प्रत्येक वेळी रिस्पॉन्स नॉर्मल येतो. नॉर्मलचा अर्थ इतकाच की ओळ क्यूत पडली. जॉब कोणाच्या नावाने चालायचा, त्याला परवानगी आहे का, हे जेस२ आणि रॅकएफ नंतर ठरवतात आणि त्याचा निकाल सीआयसीएसच्या प्रोग्रामला परत येत नाही. त्यामुळे त्या क्षणी ‘जॉब पाठवला’ म्हणणं खोटं आहे. आम्ही तो मजकूर बदलून ‘विनंती नोंदवली’ केला. वापरकर्त्यांना आधी आवडलं नाही, पण निदान रात्रभर चुकीच्या समजुतीत कुणी राहत नाही.

चार आयडी, चार वेगवेगळे प्रश्न

माझ्या मते या दुखण्याचं मूळ एकच आहे. ‘युजरला परवानगी आहे का’ असं आपण विचारतो, पण कोणता युजर ते सांगत नाही. एका जॉबच्या प्रवासात चार आयडी येतात.

स्क्रीनवर साइन-ऑन केलेला माणूस हा पहिला. सीआयसीएस रीजन (सीआयसीएसची एक चालू प्रत) ज्या आयडीखाली चालतो तो दुसरा. जेस२च्या दृष्टीने, सर्वसाधारण रचनेत, जॉब पाठवणारा हा दुसराच असतो. माणूस त्याला दिसतच नाही. तिसरा आयडी जॉब कार्डावर युजर-बरोबर लिहून दिलेला, म्हणजे पेबॅट. आणि जॉब चालू झाल्यावर डीबी२ला जोडताना जो प्रायमरी ऑथ आयडी ठरतो, तो चौथा. बॅचमध्ये तो सहसा जॉबचाच आयडी असतो, पण सीआयसीएसच्या आत तसं नसतं. ते पुढे येईलच.

जॉब कार्डावर युजर लिहिलाच नाही, तर पाठवणाऱ्याचा आयडी जॉबला आपोआप चिकटतो. टीएसओवरून (माणसाने मेनफ्रेमवर थेट लॉगऑन करायची सोय) सोडताना हे सोयीचं आहे, कारण तिथे पाठवणारा माणूस असतो. सीआयसीएसमधून सोडताना मात्र चिकटतो तो रीजनचा आयडी. रीजनला बऱ्याच फाइलींवर आणि डीबी२च्या प्लॅनवर मोकळे हक्क असतात, म्हणून असा जॉब बहुधा यशस्वी होतो. मला भीती याच गोष्टीची वाटते, कारण तक्रार येत नाही आणि ज्याला पगाराच्या फाइलीला हात लावायची मुभा नाही त्याचं काम रीजनच्या हक्कांवर होऊन जातं. हे बंद करायला रॅकएफमध्ये प्रॉप-कंट्रोल नावाचा क्लास (नियमांचा गट) आहे. त्यात रीजनच्या आयडीच्या नावाने प्रोफाइल (एक नियम) केलं की तो आयडी जॉबला चिकटायचा थांबतो. त्याच्या जोडीला सेट-रॉप्ट्समध्ये (रॅकएफच्या सेटिंगची कमांड) जेसखाली बॅच-ऑल-रॅकएफ चालू असेल, तर बिननावाचा जॉब चालतच नाही. दोन्ही चालू आहेत का ते सिक्युरिटीला विचारून घ्या.

नव्या सीआयसीएसमध्ये आणखी एक सोय आहे. स्पूल कमांडने जॉब सोडत असाल तर एसआयटीतला (सीआयसीएस सुरू होतानाच्या सेटिंगचा तक्ता) इंट्रडर-जॉब-युजर हा पॅरामीटर, आणि टीडी क्यूतून (वर आलेली एक्स्ट्रापार्टिशन क्यू याच प्रकारची) सोडत असाल तर क्यूच्या व्याख्येतला जॉब-युजर-आयडी हा गुणधर्म, यांनी युजर न लिहिलेल्या जॉबला कोणता आयडी लागेल ते ठरवता येतं. जुन्या प्रोग्रामना हात लावण्याआधी तुमच्या रीजनमध्ये हे काय ठेवलंय ते बघा, नाहीतर वाचलेलं आणि घडणारं जुळणार नाही.

जॉब आला आणि अडला, तर

आयसीएच४०८आय हा संदेश शोधा. जॉबच्या लॉगमध्ये नसेल तर सिस्टिम लॉगमध्ये असेल. घाईत सगळे फक्त ‘इनसफिशियंट ॲक्सेस अथॉरिटी’ एवढंच वाचतात. वाचायचं ते पहिल्या ओळीतल्या युजरच्या कंसात. तिथे जो आयडी आहे त्याचीच तपासणी झाली आणि तोच नापास झाला. वापरकर्त्याने फोनवर सांगितलेला आयडी आणि कंसातला आयडी वेगळे असतील, तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

संदेशात जेसजॉब्स क्लास आणि सबमिटपासून सुरू होणारं नाव दिसलं, तर ती जॉबच्या नावावरची तपासणी आहे. नावाची रचना अशी: सबमिट, टिंब, नोडचं (जेस२ सिस्टिमचं) नाव, टिंब, जॉबचं नाव, टिंब, युजर आयडी. लागणारा हक्क रीड. हा क्लास चालू असेल आणि जॉबला लागू होणारं प्रोफाइलच नसेल, तर उत्तर ‘नाही’ असतं. म्हणून क्लास चालू करण्याआधी सगळ्यांना सामावणारं एक ढोबळ प्रोफाइल करून ठेवायचं असतं. टेस्टमध्ये क्लास बंद आणि प्रॉडक्शनमध्ये चालू, अशी स्थिती असली की टेस्टमध्ये सुरळीत गेलेला जॉब प्रॉडक्शनमध्ये पहिल्याच दिवशी अडतो.

‘सबमिटर इज नॉट ऑथराइज्ड बाय युजर’ असा मजकूर दिसला तर प्रश्न सरोगेटचा, म्हणजे दुसऱ्याच्या नावाने जॉब सोडायच्या हक्काचा. क्लासचं नाव आठ अक्षरांत बसवल्यामुळे इंग्रजीत शेवटचा ई गळलाय, टाइप करताना तेवढं सांभाळा. पेबॅट-टिंब-सबमिट या प्रोफाइलवर पाठवणाऱ्याला रीड हवा. पाठवणारा म्हणजे इथे रीजन. माणसाला हा हक्क देऊन काहीही साधत नाही, आणि नेमका तोच आम्ही दर महिन्याला देत होतो.

देऊन नुसतं वाया गेलं असतं तर एक वेळ चाललं असतं. सरोगेटचा रीड मिळालेला माणूस टीएसओवर जाऊन हवं ते जेसीएल लिहून पेबॅटच्या नावाने पासवर्डशिवाय सोडू शकतो. स्क्रीनवरून एक ठरावीक जॉब सोडायची मुभा द्यायची होती, आणि आम्ही बॅच आयडीचे सगळे हक्क हातात दिले होते. पाच महिन्यांत दिलेले असे हक्क आम्ही एका संध्याकाळी बसून परत काढून घेतले.

हक्क दिल्यावरही अडलं तर रिफ्रेश राहिलाय का बघा. क्लास मेमरीत रॅकलिस्ट केलेला असला, तर परमिट दिल्यानंतर सेट-रॉप्ट्सने रॅकलिस्ट रिफ्रेश करावं लागतं. माणसाला नव्या ग्रुपमध्ये जोडलं असेल तर त्याला साइन-ऑफ करून पुन्हा साइन-ऑन करायला सांगा. आणि ‘माझं नाव तर प्रोफाइलमध्ये आहे’ असं कुणी म्हटलं तर कोणत्या प्रोफाइलमध्ये ते विचारा. रॅकएफ सगळी प्रोफाइलं एकत्र करून बघत नाही, जुळणाऱ्यांपैकी सर्वांत नेमकं एक निवडतो. सबमिट-टिंब-दोन-तारे यात नाव आहे, पण पे-ताऱ्याचं वेगळं प्रोफाइल आहे आणि त्यात नाव नाही, तर नकारच येणार. आरलिस्ट कमांडला जॉबचं पूर्ण नाव देऊन ऑथयुजर जोडा. कोणतं प्रोफाइल लागू होतंय आणि त्यात कोण आहे, दोन्ही दिसतं.

जॉब आलाच नाही: आमच्याकडे काय निघालं

आधी स्क्रीनचा प्रोग्राम स्वतःच जेसीएल लिहायचा. महिनाअखेरीला स्क्रीन अडकू लागली म्हणून कुणीतरी काम मागे ढकललं. स्क्रीनचा प्रोग्राम इंट्रापार्टिशन क्यूत (सीआयसीएसच्या आतली रांग) एक नोंद टाकतो, ट्रिगर लेव्हल (नोंदींची ठरलेली संख्या) गाठली की पार्श्वभूमीत दुसरं ट्रान्झॅक्शन सुरू होतं आणि तो प्रोग्राम डीबी२च्या तक्त्यातून जेसीएलच्या ओळी उचलून जॉब सोडतो. बदल चांगला होता. पण परवानगीची तपासणीही जेसीएलबरोबर मागच्या प्रोग्रामात गेली.

ट्रिगरने सुरू झालेलं ट्रान्झॅक्शन नोंद टाकणाऱ्या माणसाच्या नावाने चालत नाही. क्यूच्या व्याख्येत युजर आयडी दिला असेल तर त्या नावाने चालतं, नसेल तर सीआयसीएसच्या डीफॉल्ट युजरच्या नावाने. आमच्याकडे काम दोन रीजनमध्ये वाटलं जायचं. पहिल्या रीजनच्या क्यूत एक तांत्रिक आयडी लिहिलेला होता आणि त्याला सगळे हक्क होते. दुसऱ्या रीजनच्या क्यूत ती जागा रिकामी. म्हणजे माणूस पहिल्या रीजनमध्ये पडला तर जॉब जायचा, दुसऱ्यात पडला तर अडायचा. ‘पुन्हा सोडा’ म्हटल्यावर बऱ्याचदा रीजन बदलायचा, म्हणून जायचा. सिक्युरिटीने परवानगी दिल्यावर गेला तोही याच कारणाने. परवानगीचा आणि जाण्याचा काही संबंध नव्हता.

अडणारा रीजन सगळ्यांच्या डोळ्यांवर आला, पण खरं संकट सुरळीत चालणाऱ्या रीजनमध्ये होतं. तिथे कोणीही विनंती टाकली तरी तपासला जायचा तांत्रिक आयडी आणि उत्तर नेहमी ‘हो’. पगाराचा जॉब सोडायचा हक्क नसलेला माणूसही तिथून तो सोडू शकत होता.

हे इतके दिवस कळलं नाही त्याला आणखी दोन कारणं. तपासणी क्वेरी सिक्युरिटी या सीआयसीएस कमांडने होत होती आणि तिला लॉग-मेसेजमध्ये नो-लॉग दिलेलं होतं. त्यामुळे नकार मिळाला तरी आयसीएच४०८आय कुठेच उमटायचा नाही. मेनूतले पर्याय दाखवायचे की लपवायचे हे ठरवताना नो-लॉग योग्य आहे, नाहीतर लॉग भरून वाहील. प्रत्यक्ष जॉब सोडतानाच्या तपासणीत मात्र लॉगच हवं.

दुसरं कारण मी कोबॉलच्या लिस्टिंगमध्ये बोट ठेवून शोधलं. अट अशी होती: उत्तर नॉट-रीडेबल असेल तर नकार, नाहीतर पुढे चला. रिस्पॉन्स कोड कुणी बघतच नव्हतं. रिसोर्सचं प्रोफाइल नसेल तर ही कमांड नॉट-फाउंड देते आणि उत्तराच्या फील्डमध्ये आधीचं शून्य तसंच राहतं. शून्य म्हणजे नॉट-रीडेबल नव्हे, म्हणून प्रोग्राम पुढे जायचा. नवा जॉब तक्त्यात टाकला आणि रॅकएफमध्ये त्याचं प्रोफाइल करायला विसरलो, तर तो जॉब सगळ्यांना मोकळा! सीईडीएफ (प्रोग्राम कमांड-कमांडने थांबवून दाखवणारं साधन) लावून एकेक कमांड पुढे सरकवली तेव्हा हे डोळ्यांसमोर आलं. परवानगी असते तेव्हा रीडच्या फील्डमध्ये ३५ दिसतो, नसते तेव्हा ३६, आणि इथे स्वच्छ शून्य.

अट उलटी लिहायला हवी. रिस्पॉन्स नॉर्मल आणि उत्तर रीडेबल, दोन्ही असेल तरच पुढे. बाकी सगळ्याला नकार. त्यातही एक लक्षात ठेवा: रीजन सेक-बरोबर-नो वर (सुरक्षा बंद ठेवून) चालत असेल तर क्वेरी सिक्युरिटी प्रत्येकाला ‘हो’ म्हणते. डेव्हलपमेंट रीजन असा असेल तर तिथल्या चाचणीने काहीच सिद्ध होत नाही.

डीबी२च्या तक्त्यावरून तपासणी करणाऱ्यांसाठी

कोणता माणूस कोणता जॉब सोडू शकतो याचा तक्ता डीबी२मध्ये ठेवायची पद्धत जुनी आहे आणि मला ती चुकीची वाटत नाही. महिन्याच्या कोणत्या दिवसांत जॉब चालेल, दिवसातून किती वेळा, असे नियम रॅकएफमध्ये मांडता येत नाहीत. पण एसक्यूएलमध्ये ‘युजर-आयडी बरोबर युजर’ अशी अट लिहिली असेल तर थांबा. युजर हा स्पेशल रजिस्टर डीबी२चा प्रायमरी ऑथ आयडी देतो, स्क्रीनवरच्या माणसाचा नाही. डीबी२-एंट्रीत किंवा डीबी२-कॉनमध्ये (सीआयसीएस डीबी२ला कसं जोडतं याच्या व्याख्या) ऑथ-टाइप साइन असेल तर तिथे साइन-आयडी येतो, आणि तो दिलेला नसेल तर रीजनचा ॲप्लआयडी (रीजनचं नाव). मग तक्त्यात प्रत्येक वेळी एकच ‘माणूस’ शोधला जातो. स्क्रीनच्या प्रोग्रामात असाइन युजर-आयडी या कमांडने नाव घ्या आणि ते होस्ट व्हेरिएबलमधून अटीत द्या. साइन-ऑन न केलेल्याला ही कमांड डीफॉल्ट युजरचं नाव देते, तेव्हा त्या नावाला तक्त्यात जागा नकोच.

जॉब सुरू झाल्यानंतर उणे ९२२ किंवा उणे ५५१ आला तर सबमिशनची परवानगी व्यवस्थित आहे असं समजा. उणे ९२२ म्हणजे डीबी२च्या दारात किंवा प्लॅनवर अडलं, उणे ५५१ म्हणजे आत गेल्यावर एखाद्या वस्तूवर हक्क नाही. ९२२मध्ये जॉबचा आयडी डीएसएनआर क्लासमधल्या सबसिस्टिम-टिंब-बॅच या प्रोफाइलवर आहे का आणि प्लॅनवर एक्झिक्यूट आहे का ते बघा. रात्री अडचण आली म्हणून बॅच आयडीला सिसॲडम (डीबी२वरचा सर्वाधिकार) देऊन टाकणारे मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका, तो हक्क सकाळी कुणी काढत नाही.

आम्ही शेवटी काय केलं

तपासणी पुन्हा पुढे, स्क्रीनच्या प्रोग्रामात आणली, कारण माणसाचा आयडी खात्रीने तिथेच असतो. तपासायचा रिसोर्स मात्र सरोगेटचा ठेवला नाही. फॅसिलिटी क्लासमध्ये जॉबसब-टिंब-जॉबचं नाव अशी वेगळी प्रोफाइलं केली. त्यावर रीड मिळालेला माणूस स्क्रीनवरून तेवढा एक जॉब सोडू शकतो, टीएसओवर त्या हक्काचा उपयोग शून्य. सरोगेटचा रीड फक्त रीजनच्या आयडीला ठेवला.

ट्रिगर काढून टाकून मागचं ट्रान्झॅक्शन स्टार्ट कमांडने सुरू केलं. टर्मिनल आणि युजर न देता स्टार्ट केलं की ते सुरू करणाऱ्याच्याच आयडीखाली चालतं, म्हणून मागच्या प्रोग्रामातही तपासणी पुन्हा करता येते आणि ती योग्य माणसाचीच होते. विनंती करणाऱ्याचा आयडी जेसीएलमध्ये कॉमेंटच्या ओळीत लिहायला लागलो. ऑडिटला तो उपयोगी पडतो, आणि रात्री फोन कुणाला करायचा तेही समजतं.

इंटर्नल रीडरकडे जाणाऱ्या क्यूला वेगळं संरक्षण दिलं. रीजनला सरोगेट आहे, म्हणजे त्या क्यूत लिहू शकणारा प्रत्येक प्रोग्राम पेबॅटच्या नावाने काहीही चालवू शकतो. ज्याच्याकडे सीईसीआय (सीआयसीएसच्या कमांड हाताने चालवायचं साधन) आहे तो तर हातानेच लिहील. म्हणून डीसीटीची (टीडी क्यूंवरची) तपासणी चालू केली, संबंधित ट्रान्झॅक्शनना रेस-सेक (रिसोर्सची तपासणी) यस केलं आणि प्रॉडक्शनमध्ये सीईसीआय मोजक्या लोकांपुरतं उरवलं.

डीबी२च्या ॲडमिन-जॉब-सबमिट या स्टोअर्ड प्रोसीजरचाही विचार केला होता. जेसीएलच्या ओळी सिसआयबीएम-टिंब-जॉब-जेसीएल या तात्पुरत्या तक्त्यात घालायच्या आणि कॉल करायचा, जॉब आयडी परत मिळतो. जॉब आयडी हातात येणं ही मोठी सोय आहे. पण तिला युजर आणि पासवर्ड द्यावा लागतो, आणि बॅच आयडीचा पासवर्ड प्रोग्रामात किंवा तक्त्यात ठेवायला मी तयार नव्हते. जिथे माणूस स्वतःच्याच नावाने जॉब सोडतो तिथे ती बरी.

त्यानंतरच्या महिनाअखेरी शांत गेल्या. मग पर्यायी डेटा सेंटरवर सराव झाला आणि पेआर०१ पुन्हा अडला. या वेळी संदेश लगेच सापडला: आयसीएच४०८आय, क्लास जेसजॉब्स, कंसात रीजनचा आयडी. सबमिटनंतर नोडचं नाव होतं ते पर्यायी सेंटरचं, आणि आमच्या प्रोफाइलमध्ये मुख्य सेंटरच्या नोडचं नाव ठोकून लिहिलेलं. नोडच्या जागी तारा टाकला, रिफ्रेश केला, आणि जॉब सुरू झालेला एसडीएसएफमध्ये दिसेपर्यंत ऑपरेशन्सचा फोन ठेवला नाही. आता दर सरावाआधी परवानगी असलेला, नसलेला आणि साइन-ऑनच न केलेला, अशा तिघांकडून दोन्ही रीजनमध्ये जॉब सोडून बघतो. शेवटच्या दोघांना नकार मिळाला आणि तो लॉगमध्ये त्यांच्या आयडीखाली उमटला, तरच तपासणी चालू आहे असं धरतो.